शिक्कामोर्तबापासून ओटीपीपर्यंत

एखाद्या निर्णयावर ‘शिक्कामोर्तब झाले’ असे मराठी माणूस सहज म्हणतो. या जोडशब्दात जुन्या दफ्तराची एक शिस्त साठवलेली आहे. शिवकालीन राजपत्राच्या शिरोभागी राजमुद्रा उमटवीत आणि मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ या अक्षरांची मोर्तब करीत. मुद्रा पत्र कोणाचे हे सांगे. मोर्तब ते कोठे संपले हे सांगे, म्हणजे मागाहून कोणास ओळ वाढविता येऊ नये. एकाच खुणेवर विसंबू नये, हे कारभाराने तेव्हाच ओळखले होते.

ही परंपरा छत्तीसगडास परकी नाही. १७४१ मध्ये भास्करपंतांची स्वारी झाली, पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून कारभार पाहिला आणि नागपूरकरांच्या अमलाबरोबर मराठी भाषा व मोडी लिपी या प्रदेशाच्या दफ्तरात आली.

खूण खरी असली तरी मजकूर तपासावाच लागतो, हा धडाही मराठी भाषेने जपला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या पत्रात ‘धरावे’चे ‘मारावे’ करण्यात आले, अशी परंपरागत कथा आहे. ‘ध’ चा ‘मा’ हा वाक्प्रचार तिच्यातूनच रूढ झाला.

पुढे कागदाची जागा संगणकाने घेतली, तेव्हा ओळख पटविण्याचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ च्या सुमारास एकच संगणक अनेकजण वापरू लागले. प्रत्येकाचे काम वेगळे राखण्यासाठी फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी पासवर्डची योजना केली. १९६२ मध्येच ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून, साऱ्यांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली. केवळ गुपितावर उभे असलेले कुलूप गुपित फुटताच निकामी होते, हे त्यातून दिसले.

यावरचा उपाय म्हणजे दुसरा पुरावा. बँकेतील लॉकर ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्यांनी उघडतो; त्याच न्यायाने खातेदारास ठाऊक असलेल्या पासवर्डास त्याच्या हातातील फोनची जोड मिळाली. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डावरील ऑनलाइन खरेदीसाठी अशी वाढीव पडताळणी सक्तीची केली. ओटीपी ही आजची मोर्तब होय.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तिच्या आधाराने वसलेल्या सेक्टरांतील अनेक घरांत आज निवृत्तीची पुंजी, भविष्यनिर्वाह निधी व उपदान, एका फोनच्या आड आहे. चोर आता कुलूप फोडीत नाही. तो गोड बोलून किल्ली मागतो. ‘पैसे जमा होतील, पिन टाका’ असे तो सांगतो. वस्तुतः यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी नव्हे. ‘जातील’चे ‘येतील’ करणे हा आजचा ‘ध’ चा ‘मा’ आहे.

म्हणून पासवर्ड लांब असावा. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडल्यास तो लक्षातही राहतो. जन्मतारीख वा मुलांची नावे त्यात नसावीत. प्रत्येक खात्यास तो निराळा असावा. सर्वप्रथम ईमेलचे खाते दुहेरी पडताळणीने बंदिस्त करावे, कारण इतर खात्यांचे पासवर्ड बहुधा तेथूनच बदलता येतात. ओटीपीचा संदेश पूर्ण वाचावा आणि तो अंक कोणासही, बँकेचा अधिकारी म्हणविणाऱ्यासही, सांगू नये. फसवणूक झालीच तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. वेळीच कळविल्यास रक्कम अडवून धरता येण्याची शक्यता असते.

दूरदेशी स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरी आल्यावर आईवडिलांच्या शेजारी बसून एवढी व्यवस्था लावून द्यावी. मुद्रा कितीही सुबक असली तरी ती ज्याच्या हाती, त्याचीच आज्ञा चालते. जुने कारभारी ती जिवापाड जपत, ते याचसाठी.