जळू : एका शब्दाची कुळकथा

म्हैसूरहून पश्चिमेस कूर्गच्या रानात पावसाळ्यात गेले की पायाला जळू हमखास लागते. सोबतचा कन्नड वाटाड्या तिला ‘इंबळ’ म्हणतो आणि तळ्यातल्या जळूला ‘जिगणे’. आपण दोहींना ‘जळू’च म्हणतो व घाईने ओढून काढू पाहतो. या शब्दामागील इतिहासाचे स्मरण मात्र सहसा कोणाला होत नाही.

‘फल’चे ‘फळ’ व ‘काल’चा ‘काळ’ झाला, त्याच वाटेने संस्कृत ‘जलूका’पासून ‘जळू’ आली. ‘जलौका’ व ‘जलायुका’ ही तिचीच रूपे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील १३वा अध्याय जळवांनाच वाहिलेला आहे. जल हेच जिचे आयुष्य ती जलायुका आणि जल हेच जिचे घर ती जलौका, अशी व्युत्पत्ती तेथे दिली आहे. जळवांचे १२ प्रकार सांगून सुश्रुताने ६ सविष व ६ निर्विष मानले. बालक, वृद्ध, दुर्बल अशांचे रक्त काढण्यास हा सर्वांत सौम्य उपाय, असा त्याचा निर्वाळा आहे. उत्तम जळवांच्या प्रदेशांत त्याने सह्य पर्वतही गणला आहे. ज्याच्या आधाराने महाराष्ट्र वसला आणि ज्याच्या कुशीत कावेरी उगम पावते, तोच हा सह्याद्री.

इंग्रजीतही ‘लीच’ म्हणजे एके काळी वैद्य. तेथील सुमारे हजार वर्षांपूर्वीचा एक वैद्यकग्रंथ ‘लीचबुक’ म्हणूनच ओळखला जातो. वैद्य आणि जळू यांचे शब्द मुळात वेगळे असून पुढे एकरूप झाले असावेत, असे अभ्यासक मानतात. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, हे १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी दाखविले. २००४ मध्ये अमेरिकेने वैद्यकीय वापरासाठी जळवांच्या विक्रीस परवानगी दिली.

आज मराठीत मात्र ‘जळूसारखा चिकटला’ एवढीच निंदा उरली आहे. शब्द वापरात असूनही त्याचा अर्धा अर्थ असा हरवू शकतो. परमुलुखात मातृभाषेतून शिकविणाऱ्या शाळेचे काम म्हणूनच केवळ शब्द टिकविण्याचे नाही, तर अर्थ जपण्याचेही आहे.

बृहदारण्यक उपनिषदातील तृणजलायुका गवताचे पुढचे पाते धरल्यावरच मागचे सोडते. म्हैसूरच्या आपल्या मुलांनी कन्नडचे पाते केव्हाच घट्ट धरले आहे. मराठीचे सोडण्याचे मात्र त्यांना काहीच कारण नाही.