संगीतकारावर शाळेचा प्रकल्प: गारगोटीच्या मुलांनी बीथोव्हेनच्या आधी कोणाकडे बघावं?

अमेरिकेतल्या अनेक शाळांमध्ये ऑर्केस्ट्रा हा रीतसर शिकवला जाणारा विषय असतो. व्हायोलिन, चेलो वाजवायला शिकणाऱ्या मुलांना त्यात कधी कधी एखाद्या संगीतकारावर शोधप्रकल्पही करावा लागतो. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला स्टेजवरचा कार्यक्रमच आठवतो, पण प्रकल्प मात्र इथेही आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमध्ये संगीतकारांची चरित्रं लिहावी लागतात, शाळेतही ‘एका संगीतकाराची माहिती मिळवा’ असा उपक्रम येतो. मग नेहमीचंच होतं. पहिल्या सर्चमधला मजकूर वहीत उतरतो, वर एक फोटो चिकटतो. जन्म, शिक्षण, पुरस्कार, मृत्यू. संगीताबद्दल त्यात एक ओळही नसते.

गारगोटीपासून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर आहे. एका संगीतकाराचा शोध घ्यायचा असेल तर देशात याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल.

ज्याचं रेकॉर्डिंगच नाही, त्याच्यावर प्रकल्प कसा करायचा?

अल्लादियाखाँ यांचा जन्म १८५५ सालचा, राजस्थानातल्या उणियाऱ्याचा. ते शाहू महाराजांच्या दरबारात आले आणि कोल्हापूरचेच झाले. तरुणपणी त्यांचा आवाज बसला. पूर्वीसारखा परत आला नाही, तेव्हा आहे त्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी घडवली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख ठरली. १९४६ साली ते गेले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही.

तरीही त्यांच्याबद्दल इतकं कळतं, याचं एक कारण म्हणजे त्यांचा नातू. भूर्जीखाँ यांचे चिरंजीव अझीझुद्दीन खाँ यांनी आजोबांना त्यांच्या आयुष्याबद्दल बोलतं केलं आणि ते सांगत गेले तसं उर्दूत उतरवून घेतलं. घरातल्या पोराने वही घेऊन आजोबांसमोर बसणं, एवढंच हे काम. शाळेच्या प्रकल्पाला यापेक्षा वेगळं काही करावं लागत नाही. त्या वहीचं पुढे पुस्तक झालं आणि आज अभ्यासक तिचा आधार घेतात.

दुसरा पुरावा शिष्यांच्या गळ्यात आहे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि खाँसाहेबांचे मुलगे मंजीखाँ व भूर्जीखाँ, या सगळ्यांनी ही गायकी पुढे नेली. मल्लिकार्जुन मन्सूर याच दोघा भावांकडे शिकले. केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर आहे. हे तुम्ही रीलमध्ये ऐकलं असेल. मात्र त्या तबकडीवरच्या आवाजाला कोल्हापूरच्या दरबारी गवयाने वळण लावलं होतं, हे रीलमध्ये सहसा नसतं. प्रकल्पाला विषय द्यायचा तर असा द्यावा: गुरूचं रेकॉर्डिंग नाही, मग दोन शिष्यांचा एकच राग ऐकून त्यांच्यात समान काय आहे ते शोधा.

संगीतकार म्हणजे नेमकं कोण?

ही व्याख्या आधी ठरवली नाही तर प्रकल्प घसरतो. ‘गीतरामायण’ कोणाचं? बहुतेक जण सुधीर फडक्यांचं म्हणतील. बाबूजी कोल्हापूरचेच, जन्म २५ जुलै १९१९. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. पण १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ५६ गीतं प्रसारित झाली तेव्हा ती सगळी बाबूजींनी गायलेली नव्हती. पात्रांप्रमाणे गायक बदलत होते. सीतेची गाणी गाणाऱ्यांमध्ये माणिक वर्मा होत्या, लता मंगेशकरही होत्या. कवी, संगीतकार आणि गायक असे तीन वेगळे रकाने वहीत आधीच पाडले की हा गोंधळ होत नाही.

गोविंदराव टेंबे यांच्याबाबत रकाने अजून वाढतात. १९११च्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या, त्यातल्या बऱ्याच आधीच्या बंदिशी आणि ठुमऱ्यांवर बेतलेल्या. मग त्यांना संगीतकार म्हणायचं की नाही? माझ्या मते म्हणायचं, कारण कुठली चाल कुठल्या प्रसंगाला बसेल हे ठरवणं हेच नाट्यसंगीतातलं खरं काम. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटाचं संगीत त्यांचं, आणि पडद्यावरचा हरिश्चंद्रही तेच. हे टेंबे पेटीचे बादशहा. १९४० मध्ये रेडिओने त्याच पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. एका माणसाच्या चरित्रातून एवढं निघतं. जन्म-मृत्यूच्या तारखांपुरता हा विषय नाही.

घाई का करायची?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झालं. शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेली ही वास्तू. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जन्म १८९०, मृत्यू १९२१, उणंपुरं ३१ वर्षांचं आयुष्य. जाण्याआधी काही महिनेच त्यांनी बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं होतं. इमारत पुन्हा बांधता येते. तिथे पेटी-तबल्याला बसलेल्या, पडदा ओढलेल्या माणसांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या नसतील तर त्या त्यांच्याबरोबरच जाणार.

आणि त्यासाठी कोल्हापूरलाच जावं लागतं असंही नाही. भुदरगड तालुक्यातल्या भजनी मंडळातला पखवाजवाला, हलगी वाजवणारा, लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला, धनगरी ओव्या गाणारे म्हातारबाबा, हेही संगीतकारच. त्यांना ‘संगीत म्हणजे काय’ असं विचारलं तर ते हसतील. कोणाकडे शिकलात, पहिलं वाद्य कुठून आणलं, बिदागी किती मिळायची, हंगाम नसताना काय करता, असं विचारा. मग थांबा आणि त्यांना बोलू द्या. फोनवर रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या. इन्स्टाग्रामवर टाकायचं असेल तर त्यासाठी वेगळं विचारा, कारण दारात बसून पोराशी बोलणं आणि जगासमोर बोलणं यात फरक आहे.

गाणं प्रकल्पात वापरलं तर चालतं का?

भारतीय कायद्यात शब्द आणि चाल यांचे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात, ध्वनिमुद्रणाचे प्रकाशनानंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. बाबूजी २००२ मध्ये गेले, त्यामुळे चाली २०६२ अखेरपर्यंत. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे गाणं गायला कायदा सूट देतो. त्याच कार्यक्रमाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की ती सूट आपोआप लागू होत नाही.

माहितीसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, सुरुवात तिथून करावी. टेंब्यांनी स्वतः अल्लादियाखाँचं चरित्र लिहिलं आहे. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, आणि देवल क्लबमध्ये गाणं ऐकत आलेली माणसं अजून भेटतात. जाताना छापील प्रश्नावली नको, चार-पाच रेकॉर्डिंग ऐकून जा. समोरचा माणूस पहिल्या दोन वाक्यांत ओळखतो की पोरगं ऐकून आलंय की नुसतं पाठवलंय.