घाटाचा राजा, पुण्याचा नव्हे

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे सांगताना तालुक्याच्या आधी घाट येतो. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर; मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. मलकापूरहून येणारी एसटी राजूर घाटात खालच्या गिअरवर धापा टाकत चढते आणि मग बुलढाणा येतं. सायकलशर्यतीत चढाला एवढं मोल का, हे अशा मुलखात फार समजावून सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रातल्या रस्त्यावरच्या शर्यतींचा इतिहासही एका घाटाभोवतीच फिरतो. मुंबई-पुणे शर्यत १९४५ साली सुरू झाली. मध्ये खंड पडले, शर्यत पुन्हा उभी राहिली, पण तिचा कणा बदलला नाही: दीडशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर आणि वाटेत बोरघाट. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात तिथे गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे चढली. इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं सांगतात त्या धनगर शिंगरोबाचं देऊळ अजून जुन्या रस्त्यावर आहे. द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव, त्यामुळे सायकलपटूंना आजही शिंगरोबाचीच वाट धरावी लागते.

खोपोलीपर्यंत रस्ता बराचसा सपाट. तिथून मात्र तो अंगावर येतो. हा चढ सर्वांत आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो, आणि खरं सांगायचं तर विजेत्याच्या नावापेक्षा हा किताबच लोकांच्या तोंडी जास्त बसला. कोण तयारीत आहे, कोण नुसताच जर्सी घालून आलाय, याची परीक्षा प्रेक्षकांनी घाटातच घेतली.

पण ही परीक्षा फसवी आहे.

चढावर वेग मंद असल्याने वाऱ्याचा अडथळा कमी भासतो आणि प्रत्येकाला आपलं वजन स्वतःच वर न्यावं लागतं. हलक्या अंगाचा, दमदार पायांचा गडी तिथे एकटा निसटू शकतो. लोणावळा ओलांडला की हिशेब उलटतो. पुढचे साठेक किलोमीटर रस्ता हळूहळू उतरत जातो, वेग वाढतो, वारा छातीवर येतो. एकट्याला तो सगळा कापावा लागतो. मागचा घोळका आळीपाळीने पुढे येत, एकमेकांच्या आडोशाने, बरीच ताकद राखून पाठलाग करतो. म्हणून घाटाचा राजा पुण्यातही पहिला येईल याची खात्री नसते.

फ्रान्समध्ये हा धडा त्याआधीच मिळाला होता. १९०५ च्या टूर द फ्रान्समध्ये रने पोतियेने बालों दाल्सासचा चढ पाय न टेकता पार केला आणि दुसऱ्याच दिवशी दुखापतीमुळे शर्यत सोडली. पुढच्या वर्षी मात्र तो टूर जिंकला. १९३३ मध्ये तिथे डोंगराच्या राजाचा स्वतंत्र किताब सुरू झाला. तो पहिल्यांदा मिळवणारा स्पेनचा विसेंते त्रुएबा एकूण शर्यतीत सहावा होता. चढताना कमावलेला वेळ तो उतारावर घालवत असे.

व्यावसायिक शर्यतीत ‘फॉर्म’ पाहायचा तो म्हणूनच एका चढावर नव्हे, तर पूर्ण शर्यतीत आणि कॅलेंडर बघून. आपल्याकडे पगार घेऊन सायकल चालवणं म्हणजे प्रामुख्याने रेल्वे किंवा सेनादलाची नोकरी. बाहेरच्या व्यावसायिक संघांशी घरच्या रस्त्यावर जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरमध्ये गाठ पडली. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या २.२ श्रेणीची ही शर्यत पाच दिवसांची आणि ४३७ किलोमीटरची होती. जिंकली न्यूझीलंडच्या ल्यूक मडग्वेने. कॅलेंडर जाणणाऱ्याला याचं फार नवल वाटलं नसावं: जानेवारीत युरोपातले सायकलपटू हिवाळ्याच्या सरावातून नुकते बाहेर पडत असतात, तर न्यूझीलंडमध्ये तेव्हा ऐन उन्हाळा असतो.

आपल्याकडच्या काही सायकलपटूंनी मात्र वेगळीच शर्यत निवडली. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ १९८२ मध्ये चार सायकलपटूंसह सुरू झाली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. टप्पे नाहीत, घोळक्याचा आडोसा नाही, आणि झोपलात तरी घड्याळ चालूच. इथे फॉर्म पायांपेक्षा झोप आणि पोट यांवर ठरतो. २०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. गोकुलनाथ ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत, समर्थ त्यांच्या पाठोपाठ ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत. गंमत म्हणजे चौघेही डॉक्टर! शरीर कुठे दगा देणार हे आधी ओळखण्याचा धंदाच त्यांचा.

या शर्यतीला पात्र ठरण्याची एक वाट पुण्याहूनच निघते. डेक्कन क्लिफहँगर ही पुणे ते गोवा ६४३ किलोमीटरची शर्यत २०१४ पासून त्यासाठी धरली जाते. समर्थ मात्र अमेरिकेवर थांबले नाहीत. २०१८ मध्ये ते मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंतच्या नऊ हजारांहून अधिक किलोमीटरच्या ट्रान्स-सैबेरियन शर्यतीत उतरले आणि ती त्यांनी पूर्ण केली.

लांब पल्ल्याच्या सरावाला हवा तसा गुळगुळीत, सलग रस्ता आता बुलढाणा जिल्ह्यातूनही जातो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मेहकर आणि सिंदखेडराजाजवळ त्यावर चढताही येतं. फक्त चाकं चार हवीत. सायकलवाल्यांसाठी गावांतून जाणारे जुने रस्ते आहेत, आणि राजूर घाट.