शिकारखाना ते कात्रज

पुण्यात पाहुणे आले की दोन दिवसांचा बेत जवळजवळ ठरलेला असतो. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, पर्वती, सारसबाग आणि बरोबर मुलं असली तर कात्रजचं प्राणिसंग्रहालय. कात्रजहून परतताना मुलांच्या तोंडी वाघाशिवाय दुसरा विषय नसतो, आणि मोठ्यांपैकी कुणीतरी हमखास गप्प झालेलं असतं. वाघ इतक्या जवळून पाहिल्याचा आनंद खराच, पण त्याला असं ठेवावं का, हा प्रश्नही पाठ सोडत नाही.

या शहरात तो प्रश्न पेशवाईपासूनचा आहे. सवाई माधवराव पेशव्यांना प्राण्यांचा भारी शौक. त्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता आणि त्यात चक्क गेंडा होता. १७९० साली गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं. कंपनी सरकारचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम काम करत असे. ते चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. गेंडा हा पाणथळ गवताळ रानातला प्राणी. दख्खनच्या कोरड्या पठारावर त्याचं काहीच नाही. इतक्या दुरून असं जनावर आणून पोसणं, ही दरबाराची ऐट होती. पेशवे तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते, कारभार नाना फडणवीसांच्या हाती. गेंड्याला काय वाटत असेल, हे विचारायची तेव्हा रीत नव्हती.

त्याच परिसरात १९५३ साली महापालिकेने पेशवे पार्क सुरू केला. एकेकाळी पेशव्यांनी आणि त्यांच्या पाहुण्यांनी पाहायचं ते आता तिकीट काढून कुणीही पाहू लागलं, आणि ही गोष्ट लहान नव्हे. १९५६ मध्ये ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी आली. पुण्याच्या कितीतरी पिढ्यांच्या आणि बाहेरगावच्या शाळांच्या सहलींच्या आठवणी तिच्या डब्यांत बसलेल्या आहेत.

पण जनावरांच्या वाट्याला तेव्हा गज आणि फरशीच होती. त्या काळी देशभरातल्या बहुतेक प्राणिसंग्रहालयांत हेच चित्र दिसे. बिबट्या पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाई, ठरलेल्या कोपऱ्यात ठरलेल्या पद्धतीने वळे, पुन्हा मागे येई. त्या येरझारांचा पट्टा फरशीवर उमटलेला असे. ‘बघ, कसा फेऱ्या मारतोय,’ म्हणत लोक मुलांना वर उचलून धरत. कोंडलेल्या जनावराच्या मनावरच्या ताणाची ती खूण आहे, हे अभ्यासकांनी नंतर नीट मांडलं.

गजांना पर्याय मात्र केव्हाच सापडला होता. कार्ल हागेनबेक याने १९०७ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक खणून प्राणी मोकळ्या आवारात ठेवले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली प्राणिसंग्रहालयांविषयीचं प्रकरण घालण्यात आलं आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. कुठल्या प्राण्याला किती जागा, कसा निवारा, कोणते उपचार, हे प्रथमच नियमांत आलं. भर शहरातल्या पेशवे पार्काला त्या मापात बसणं कठीण होतं. १९९९ मध्ये कात्रजच्या तलावाकाठी सुमारे १३० एकरांत राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि पेशवे पार्कातले प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे गेले.

कात्रजला सर्पोद्यान त्याआधीपासून, १९८६ पासून होतं. ते उभं करणारे नीलमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढून दाखवले होते. साप दिसला की काठी शोधणारा माणूस इथे घोणस आणि अजगर यांतला फरक काचेपलीकडून शांतपणे पाहतो, आणि पुढच्या वेळी काठीऐवजी सर्पमित्राला बोलावण्याची शक्यता वाढते. जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांसाठी इथे अनाथालयही आहे. कात्रजच्या बाजूने एवढं तरी निःशंकपणे म्हणता येतं.

तरीही १३० एकर म्हणजे वाघाचं रान नव्हे. रानातला एक वाघ कित्येक चौरस किलोमीटरचा मुलूख आपला मानतो. इथे सगळ्या प्राण्यांना मिळून जेमतेम अर्धा चौरस किलोमीटर. म्हणून पाहुण्यांचं ते गप्प होणं भाबडेपणा म्हणून उडवून लावू नये. गज जाऊन खंदक आले ते अशाच अस्वस्थतेला कुणीतरी नियमांचं रूप दिल्यामुळे, आणि ते काम अजून संपलेलं नाही.

बुधवारी कात्रजला पोचलेल्या कुटुंबांना फाटक बंद दिसतं आणि मुलं हिरमुसतात. आठवड्यातून एक दिवस प्राण्यांना माणसांच्या गर्दीपासून सुट्टी द्यायची, असा नियमच आहे. त्या दिवशी मुलांना हे कारण जरूर सांगावं आणि सारसबागेकडे वळावं. शेजारच्या पेशवे पार्कात पिंजरे आता नाहीत.