माध्यमिक शाळांची कसोटी नववीच्या वर्गात

पालघर : बोईसरनजीकच्या पामसारख्या गावांत माध्यमिक शाळेची प्रगती दहावीच्या निकालावरून मोजली जाते. हे मोजमाप अपुरे आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. शालेय पोषण आहारही तेथेच थांबतो. नववीत हे दोन्ही आधार सुटतात, आणि तारापूरची औद्योगिक वसाहत तर हाकेच्या अंतरावर! २०१६ च्या सुधारणेने १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांस मनाई केली. हलक्या कामांची वाट मात्र मोकळीच राहिली. त्यामुळे जूनच्या मध्यास शाळा उघडताच आठवी उत्तीर्णांची यादी नववीच्या हजेरीपटाशी ताडून पाहणे आणि मुलींना एसटीचे मोफत पास पहिल्याच आठवड्यात मिळवून देणे, ही कामे नियोजनात अग्रक्रमाची ठरतात.