वडाच्या झाडापासून सेबीपर्यंत

आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी घरात 'शेअर' हा शब्द 'सट्टा' या शब्दाला चिकटूनच यायचा. पैसे ठेवायचे ते पोस्टात, नाहीतर बँकेच्या एफडीत. ही भीती काही अगदीच उगाच नव्हती.

मुंबईत १८५० च्या दशकात टाऊन हॉलसमोर वडाच्या झाडांखाली दलाल जमायचे. १८७५ मध्ये त्यांनी आपली संघटना काढली, तोच आपला मुंबई शेअर बाजार. १९५६ च्या कायद्याने सरकारी देखरेख आली खरी, पण रोजचा कारभार दलालांच्याच हाती राहिला. म्हणजे खेळाडूही तेच आणि पंचही तेच! नव्या शेअरच्या विक्रीला आणि किमतीला मात्र दिल्लीतल्या 'कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज' या अधिकाऱ्याची परवानगी लागायची.

१२ एप्रिल १९८८ ला सेबी स्थापन झाली. पण पहिली जवळजवळ चार वर्षं तिच्यामागे कायदाच नव्हता. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर 'रीड ओन्ली ॲक्सेस'! ३० जानेवारी १९९२ ला वटहुकूम निघाला आणि सेबीला कायद्याचे दात आले. त्याच वर्षी कंट्रोलरचं पदही रद्द झालं.

आणि तीन महिन्यांच्या आत, एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहता प्रकरण फुटलं. गंमत अशी की ती आग बँकांच्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारात लागली होती आणि तिथली राखण रिझर्व्ह बँकेची होती. रोख्यांऐवजी बँका एकमेकींना पावत्या द्यायच्या. त्यातल्या काही पावत्यांमागे रोखेच नव्हते. अशा पावत्या देणाऱ्यांत आपली बँक ऑफ कराडही निघाली. तो पैसा शेअर बाजारात आला, भाव चढले आणि कोसळले तेव्हा पोळला तो सामान्य माणूस. दोन राखणदारांच्या मधल्या फटीतून चोर शिरतो, हा १९९२ चा खरा धडा.

त्यानंतरचं मोठं काम शिक्षेपेक्षा यंत्रणेचं झालं. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावर शेअरचे सौदे सुरू झाले. तोवर सांगलीच्या माणसाला दलाल सांगेल तो भाव खरा मानावा लागे. आता सगळीकडे एकच भाव दिसू लागला. कागदी शेअरचा ताप तर विचारूच नका: सही जुळत नाही, सर्टिफिकेट टपालात गहाळ, कधी चक्क बनावट! १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने डीमॅट आलं. त्यासाठीच्या एनएसडीएल या संस्थेची धुरा सेबीतून आलेल्या चंद्रशेखर भावे यांनी सांभाळली. पुढे २००८ ते २०११ ते सेबीचे अध्यक्ष होते. सौद्याचा हिशेब पुरा व्हायला पूर्वी आठवडे लागत. २००३ मध्ये ती मुदत दोन दिवसांवर आली आणि २०२३ मध्ये एका दिवसावर.

मग घोटाळे थांबले का? नाही. २००१ मध्ये केतन पारेख, २००९ मध्ये सत्यम. इथे अमेरिकेत १९२९ च्या पडझडीनंतर १९३४ मध्ये एसईसी आली, तरी २००८ मध्ये मॅडॉफ निघालाच. नियामक तोटा भरून देत नाही, भाव वाढेल अशी हमीही देत नाही. सगळ्यांना एकच माहिती, एकच भाव मिळावा आणि माझा शेअर माझ्याच नावावर राहावा, एवढं त्याने पाहायचं. पण हे 'एवढं'च फार मोठं आहे, नाही का?

जाता जाता एक सांगतो. यंदा भारतात गेलात की आई-बाबांचं कपाट जरूर उघडून बघा. १ एप्रिल २०१९ पासून सेबीने कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकणं बंद केलं. विकायचे तर आधी डीमॅट करावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही, तर कंपनी कायद्यानुसार तो आणि ते शेअर सरकारी निधीकडे जातात. ते परत मिळतात, पण अर्जविनंत्या करून. आई-बाबा सांगायला आहेत तोवर कुठली कंपनी, कुठली सही, सगळं विचारून ठेवा.

शुभ दीपावली!