लाल दिव्याची लुकलुक : जुन्या मोटारींतील चार्जिंग आणि दोषशोधनाचा इतिहास

मोटारगाडीची बॅटरी वीज तयार करत नाही, साठवते. इंजिन सुरू करताना सेल्फने ओढून घेतलेली वीज तिला परत देणे आणि त्याच वेळी दिवे, हॉर्न, वायपर, इग्निशन यांचा खर्च भागवणे हे चार्जिंग व्यवस्थेचे काम. ही व्यवस्था पूर्ण बंद पडली तर कारण सापडायला फार वेळ लागत नाही. खरी कसोटी लागते ती मधूनच उद्भवणाऱ्या दोषात. सकाळी बॅटरी उतरलेली असते, दुपारी गॅरेजात सारे ठीक दिसते आणि रात्री घाट चढताना दिवे मंदावतात. गेल्या शंभर वर्षांत चार्जिंगची यंत्रणा अनेकदा बदलली. प्रत्येक बदलाने काही जुने दोष घालवले आणि उरलेल्यांना लपायला नवी जागा दिली. म्हणून दोष शोधण्याच्या पद्धती समजून घ्यायच्या तर यंत्रणेचा इतिहासही त्यांच्याबरोबरच पाहावा लागतो.

सुरुवातीच्या मोटारींना चार्जिंगची गरजच नव्हती. इंजिन हँडल मारून सुरू होई, ठिणगी मॅग्नेटो देई आणि उजेडासाठी कार्बाइडचे किंवा रॉकेलचे दिवे असत. हे चित्र 1912 च्या कॅडिलॅकने पालटले. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेल्या व्यवस्थेत इंजिन सुरू करणे, दिवे लावणे आणि ठिणगी देणे ही तिन्ही कामे विजेवर आली. हँडल उलटे फिरून हात मोडण्याचा धोका गेला, पण गाडी बॅटरीवर अवलंबून झाली. फोर्डच्या मॉडेल टी गाडीलाही 1919 पासून विजेचा स्टार्टर मिळू लागला आणि वीज ही केवळ श्रीमंतांच्या गाडीची चैन राहिली नाही.

या गाड्यांत वीज तयार करणारे यंत्र म्हणजे डायनॅमो. त्यात फील्ड कॉइल स्थिर असते आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रात आर्मेचर फिरते. आर्मेचरमधली वीज तांब्याच्या पट्ट्यांच्या कम्युटेटरवरून कार्बन ब्रश उचलून घेतात. पहिल्या काळात तिसरा ब्रश पुढेमागे सरकवून प्रवाहाचे प्रमाण ठरवत. हा उपाय ओबडधोबड होता. दिवसा लांबचा प्रवास केला की बॅटरीत गरजेपेक्षा जास्त वीज जाई, म्हणून जाणते चालक भर उन्हात हेडलाइट लावून ठेवत. डॅशबोर्डवर अॅमीटर असे. त्याचा काटा ‘चार्ज’कडे झुकला की वीज आत येते आहे, ‘डिस्चार्ज’कडे झुकला की खर्च होते आहे. काटा थरथरू लागला तर ब्रश किंवा जोडणी सैल झाल्याचा संशय येई. मधूनच येणारा दोष चालकाला चालत्या गाडीत दाखवणारे हे पहिले साधन.

1930 च्या दशकात तिसऱ्या ब्रशची जागा रेग्युलेटरने घेतली. काळ्या डबीत दोन किंवा तीन रिले असत. कट-आउट रिले डायनॅमोचा वेग पुरेसा झाल्यावरच त्याला बॅटरीशी जोडी. दुसरा रिले व्होल्टेज आवरी, आणि तिसरा असल्यास प्रवाह. व्होल्टेजचा रिले दर सेकंदाला अनेक वेळा उघडझाप करून फील्ड कॉइलची वीज कमीजास्त करी. या उघडझापीमुळे पॉइंटवर ठिणग्या पडत, खड्डे पडत, काजळी साचे. मग थंड असताना नीट चालणारा रेग्युलेटर तापल्यावर दगा देई. कट-आउटचे पॉइंट चिकटले तर उभ्या गाडीत बॅटरीची वीज उलट डायनॅमोत वाहू लागे आणि तारा तापत.

दोष डायनॅमोत आहे की रेग्युलेटरमध्ये, याचा निवाडा करण्यासाठी ब्रिटिश लुकास कंपनीच्या डायनॅमोंवर एक सोपी चाचणी रूढ झाली. ‘डी’ आणि ‘एफ’ या दोन्ही टर्मिनलांच्या तारा काढायच्या, टर्मिनले एकमेकांना जोडायची, तिथून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावायचा आणि इंजिनचा वेग हळूहळू वाढवायचा. व्होल्टेज भराभर आणि न डगमगता चढले तर डायनॅमो ठीक. काटा 20 व्होल्टपर्यंत आला की वेग तिथेच थांबवायचा. या चाचणीत आकड्याइतकेच महत्त्व ‘न डगमगता’ला होते. काटा अडखळला की नजर ब्रश आणि कम्युटेटरकडे वळे.

भारतात ही यंत्रणा घराघरांत पोहोचली ती मोजक्या गाड्यांमुळे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. बंगालमधील उत्तरपाड्याहून अॅम्बॅसेडर आली. चेन्नईजवळ पाडी येथे 1961 मध्ये लुकास-टीव्हीएस उभी राहिली आणि मोटारींचे विजेचे भाग देशात बनू लागले. गाड्या कमी, सुटे भाग महाग आणि एकच गाडी अनेक वर्षे चालवायची, अशा परिस्थितीत ऑटो इलेक्ट्रिशियनचा स्वतंत्र धंदा वाढला. लोक त्याला सरळ ‘वायरमन’ म्हणत. आर्मेचर पुन्हा गुंडाळणे, झिजलेला कम्युटेटर लेथवर साफ करून पट्ट्यांमधला अभ्रक हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने खाली कोरणे, नवा कार्बन घासून बसवणे, रेग्युलेटरचे पॉइंट पॉलिश पेपरने पुसणे ही त्याची रोजची कामे. निदानासाठी हाताशी असे तो दोन तारा जोडलेला बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प.

या कारागिरांना एक भेद लवकर उमगला. प्रत्येक उतरलेली बॅटरी दोषाची खूण नसते. लुकासचा प्रचलित सी-40 डायनॅमो जास्तीत जास्त सुमारे 22 अँपिअर देई, तोही इंजिन वेगात असताना. इंजिन मंद फिरताना त्याच्याकडून जवळजवळ काहीच मिळत नसे. मुंबईच्या गर्दीत रात्री दिवे लावून सिग्नलमागून सिग्नल थांबणाऱ्या टॅक्सीचा खर्च कमाईपेक्षा जास्त होई. म्हणून गाडी कुठे, केव्हा आणि कशी चालते, ही विचारपूस तपासणीची पहिली पायरी ठरली.

हा तुटवडा अल्टरनेटरने संपवला. त्यात चुंबक फिरतो आणि मुख्य वीज स्थिर कॉइलमध्ये तयार होते, त्यामुळे ब्रशमधून केवळ फील्डचा थोडासा प्रवाह जातो. तयार होणारी वीज प्रत्यावर्ती असते; ती एकदिश करायला लहान, उष्णता सोसणारे सिलिकॉन डायोड लागतात. ते उपलब्ध झाल्यावर क्रायस्लरने 1960 च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला आणि दशकभरात तो सर्वत्र पसरला. भारतात डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने अल्टरनेटरची गाडी मध्यमवर्गाच्या दारात आणली.

अॅमीटरची जागा तोवर लाल दिव्याने घेतली होती. हा दिवा इग्निशन स्विच आणि चार्जिंग यंत्र यांच्यामध्ये असतो. दोन्ही बाजूंचे व्होल्टेज सारखे झाले की तो विझतो. अनेक अल्टरनेटरांत फील्डला सुरुवातीचा प्रवाहही याच दिव्यातून मिळतो. त्यामुळे बल्ब गेला किंवा त्याचा होल्डर सैल झाला तर अल्टरनेटर जागा होत नाही. वेग बराच वाढवला की उरलेल्या चुंबकत्वावर कधी जागा होतो, कधी नाही. चावी फिरवल्यावर दिवा लागतो का, हे म्हणून आधी पाहायचे. धावत्या गाडीत दिवा मंद पेटत राहिला तर डायोड किंवा मुख्य तारेतील अडथळा संशयित ठरतो. फुटका डायोड गाडी उभी असतानाही रात्रभर वीज गळू देतो.

जुन्या गाडीत बहुतेक वेळा यंत्रापेक्षा जोडणी दगा देते. हिरवट गंज चढलेले टर्मिनल, इंजिन आणि बॉडी यांमधली झिजलेली अर्थिंगची पट्टी, आतून तुटून वरून शाबूत दिसणारी तार ही नेहमीची ठिकाणे. ती टेस्ट लॅम्पला फसवतात, कारण लहान बल्ब पेटवण्याइतकी वीज एका तंतूतूनही जाते. इथे व्होल्टेज मोजणे अपरिहार्य झाले. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा अॅव्होमीटर 1923 मध्ये ब्रिटनमध्ये आला. पुढे स्वस्त मल्टिमीटर गॅरेजात पोहोचले. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंत मोजल्यास अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसू नये. ऋण बाजूला ती याहूनही कमी हवी.

या साऱ्या अनुभवातून तपासणीचा एक क्रम घडला. आधी बॅटरी: भरलेली, विसावलेली 12 व्होल्टची बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. मग पट्टा, कारण सैल किंवा गुळगुळीत झालेला पट्टा भार वाढल्यावर आणि पावसात घसरतो. मग इंजिन चालू असताना बॅटरीवरचे व्होल्टेज, जे साधारण 14 च्या आसपास असावे. इतके करूनही सारे ठीक दिसले तर दोष मुद्दाम जागा करायचा. इंजिन पूर्ण तापवायचे, सगळे दिवे लावायचे, तारा एकेक करून हलवायच्या, अल्टरनेटरवर पेचकसाच्या मुठीने हलके टिचकावायचे. अडकलेला ब्रश टिचकावल्यावर क्षणभर लागतो आणि काटा उडी मारतो. त्यानेही न सापडल्यास मीटरच्या लांब तारा चालकाशेजारी आणून, ज्या रस्त्यावर तक्रार उद्भवते त्याच रस्त्यावर गाडी चालवायची. दिवा लुकलुकताना मीटर काय सांगतो, तेच खरे निदान. अंदाजाने भाग बदलत गेल्यास पैसा जातो आणि दोष जागेवर राहतो.

आजच्या गाड्यांत चार्जिंगवर संगणक नजर ठेवतो आणि चुकलेला क्षण स्मृतीत नोंदवतो. 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. हौसेने जपलेल्या पद्मिनी आणि अॅम्बॅसेडर मात्र अजून धावतात. त्यांच्याकडे अशी स्मृती नाही. त्यांचा दोष तो उद्भवलेला असतानाच पकडावा लागतो, आणि त्यासाठी व्होल्टमीटर, टेस्ट लॅम्प आणि चालकाकडून नीट ऐकून घेतलेली हकिकत हीच साधने आजही पुरतात.